मास्तरांची उडी

“मनगटाला ही पट्टी बांधलीय, जशी काही मी दवाखान्यात भरतीच झालेय. आणि हा पोहायचा ड्रेस! पुढून घातला तर मागचा वाटतो, मागून घातला तर पुढचा. ज्याने कुणी शिवलाय त्याने आयुष्यात कधी बाई पाहिली होती की नाही कुणास ठाऊक.”

कपडे बदलायच्या खोलीतलं मधलं फळकूट इतकं पातळ होतं की पलीकडच्या बाईने सुस्कारा सोडला तर अलीकडचीचे केस उडावेत. भाड्याच्या रबरी चपला पायात चढवता चढवता थोरली थांबली. पलीकडे तिची आई होती आणि आई स्वतःशीच कुरकुरत होती.

“आई? तू पोहणार आहेस?”

पलीकडचा आवाज एकदम बंद. “तू कधी आलीस?”

“केव्हाची. पोहणार आहेस का, विचारतेय.”

“छे गं. ह्या वयात कुठे! नुसता घालून बघतेय.”

“भाड्याने घेऊन?”

“मग काय, बघायला विकत घेऊ?”

थोरलीने पुढे काही विचारलं नाही. त्यांच्या घरात दुसरा प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती. पहिल्या प्रश्नाला जे उत्तर मिळेल ते गपचूप घ्यायचं आणि उठून कामाला लागायचं. ह्या शिस्तीवर त्या घराची पन्नास वर्षं बिनबोभाट गेली होती.

ती बाहेर आली आणि तिने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. बरोबर बारा वाजता तिचे वडील, वय वर्षं चौऱ्याहत्तर, समोरच्या खडकावरून डोहात उडी मारणार होते. सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. बाकावर बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठे जावं ते सुचत नसे. एरवी ती एक्स-रे काढायची. बावीस वर्षं रोज शंभर माणसांना “श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा” असं सांगणारी ती बाई आज ह्यातलं एकही धड करू शकत नव्हती.

डोह म्हणजे नदीने वळण घेता घेता खडकात कोरलेली एक मोठी हिरवी वाटी. पूर्वी तिथे कुणी यायचं नाही. म्हणजे गावातली पोरं यायची, पण ती काही ‘कुणी’ नव्हेत. मग एकाने वरून, उडत्या कॅमेऱ्याने, त्या हिरव्या पाण्याचा व्हिडिओ काढला आणि सहा महिन्यांत सगळं जग तिथे पोहायला लोटलं. आता फाटक होतं, फाटकाला फिरता दांडा होता, मनगटाला रंगीत पट्टी होती. लाल पट्टीवाल्यांनी दहा ते दहा चाळीस, पिवळ्यांनी अकरा ते अकरा चाळीस, असं पाणी वाटून दिलं होतं. दर चाळीस मिनिटांनी शिट्टी व्हायची आणि शंभरएक माणसं नारिंगी जॅकेटांत, उकळीला आलेल्या गाजरांसारखी, पाण्यातून वर यायची. ‘इथली शांतता जपा’ अशी पाटी होती आणि तिच्या बरोबर डोक्यावर लाउडस्पीकर होता.

आणि तिकिटाच्या खिडकीशेजारी तिच्या वडिलांचा फोटो होता. ‘पोहण्याचे आद्य गुरू.’ फोटोत ते काठावर उभे, हातात लांब काठी.

तसं ते खोटं नव्हतं. वडिलांचं सायकल-दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढून काढून निवृत्त झालेल्या ट्रकच्या ट्यूब त्यांच्याकडे ढिगाने पडलेल्या. त्या फुगवून ते सुट्टीच्या दिवशी पोरांना डोहावर न्यायचे. पोरगं ट्यूबमध्ये, मास्तर काठावर. काठीच्या टोकाला चिंध्यांचा बोळा बांधलेला, त्याने पोराच्या गुडघ्यामागे टोचायचं. “पाय लांबव! पोटातनं लाथ मार! हनुवटी पाण्यात!” महिन्याभराने ट्यूबमधली हवा थोडी कमी करायची, पोराला न सांगता. मग आणखी थोडी. एक दिवस पोरगं रिकामी ट्यूब गळ्यात घेऊन पोहत असायचं आणि त्याला पत्ताच नसायचा. असं दीडशे पोरांना त्यांनी तरंगायला लावलं. दुकानदाराचे मास्तर झाले ते असे.

फक्त त्या दीडशे पोरांपैकी एकानेही मास्तरांना गुडघ्याच्या वर भिजलेलं पाहिलं नव्हतं.

थोरली नऊ वर्षांची असताना एकदा ट्यूबमधून निसटली होती. पाण्याखालून तिला काठ दिसत होता, हलणारा, हिरवा. काठावर वडील होते. ते पाण्यात दोन पावलं आले, गुडघ्यापर्यंत, आणि तिथेच थांबले. पुढे केलेली काठी तिच्या हाताला लागत नव्हती. त्यांचा चेहरा तिला अजून आठवतो. त्यावर भीती होती, आणि भीतीपेक्षा जास्त लाज. मग साडीसकट कुणीतरी धपकन पाण्यात पडलं. ती आई होती. घरी गेल्यावर वडील म्हणाले, “पाय घसरला माझा, नाहीतर मीच येत होतो.” आई म्हणाली, “शेवाळ फार झालंय तिथे.” नऊ वर्षांच्या मुलीला जे कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून कुणी हाक मारली, “मास्तर, या की पाण्यात,” की ती पुढे होऊन सांगायची, बाबांना सर्दी आहे. पुढे पाठीची तक्रार, मग गुडघा. वडिलांची अर्धी आजारपणं तिनेच त्यांना दिली होती.

आणि आता हे. महिन्यापूर्वी इथला व्यवस्थापक मिठाईचा खोका घेऊन घरी आला. खडक दुरुस्त केलाय, कठडा बसवलाय, आता त्याचं नाव ‘मास्तर उडी’, आणि पहिली उडी मास्तरांची! बरोबर दहा माणसं, दारात शेजारीपाजारी. वडीलच नाही म्हणतील ह्या भरवशावर थोरलीने जीभ आवरून धरली. वडील म्हणाले, “मारू की. त्यात काय!”

त्यानंतर एका संध्याकाळी ती माहेरी गेली तर न्हाणीघराचं दार उघडं. वडील बादलीत तोंड घालून वाकलेले, शेजारी स्वयंपाकघरातलं मिनिटं मोजायचं घड्याळ टिकटिकतंय. धापा टाकत वर आले. तिला पाहून म्हणाले, “केस धूत होतो.” मास्तरांच्या डोक्यावर धुण्याजोगं काही उरलेलं नव्हतं. ती म्हणाली, “साबण संपलाय का? आणते.”

अकरा पंचवीस. तिने व्यवस्थापकाला गाठलं. हा मास्तरांचाच चेला. लहानपणी पाण्यात दोन्ही पाय एकदम फेकायचा म्हणून बेडूक. आता त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती, कमरेला वॉकीटॉकी होता, पण मास्तर त्याला चारचौघांत ‘बेडक्या’च म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा.

“अरे, बाबांना जॅकेट घाला ना. इथे सगळ्यांना सक्ती आहे.”

“ताई, मी म्हटलं त्यांना. म्हणाले, ज्याने तुला पाण्यात सोडलं त्याला फुगे बांधतोस? काय बोलणार!”

“त्यांचा रक्तदाब...”

“सकाळी मोजलाय आमच्या डॉक्टरांनी.”

“बरं, मग पायऱ्यांवरून उतरू दे. उडीच कशाला?”

“खडकाचं नावच ‘मास्तर उडी’ आहे ना, ताई.” तो बोलत होता तिच्याशी आणि बघत होता पाण्याकडे. “तुम्ही काळजी करू नका. खाली दोघंजण ठेवलेत. त्यातली एक तर राज्यात पहिली आलेली.”

“दोघं कशाला?”

“असंच.” त्याने वॉकीटॉकी कानाला लावला, तो वाजलेला नसताना. “नियम आहे.”

असा कुठलाच नियम नव्हता. एवढ्या गर्दीला इतर वेळी एकच जीवरक्षक पुरत होता. पण थोरलीने दुसरा प्रश्न विचारला नाही.

वडील एका छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी छातीपर्यंत ओढलेली, अंगात ‘मास्तर’ असं छापलेला बनियन, बनियनच्या गळ्याला चिमट्याने लावलेला छोटा माइक. उडी मारण्याआधी दोन शब्द बोलायचे, मग माइक काढून घेणार, असं ठरलं होतं. समोरून जाणारे लोक त्यांच्याबरोबर फोटो काढत होते आणि ते प्रत्येकाला विचारत होते, “पोहता येतं का? नाही? शिकून घ्या. पाण्याला घाबरायचं नसतं.”

“बाबा, कानात औषध घातलंत?”

“कान ठणठणीत आहेत.”

“डॉक्टर म्हणाले होते, पाणी जाऊ देऊ नका.”

“ते डॉक्टर माझ्या कानाचे की तुझ्या?”

“सकाळी नीट खाल्लं नाहीत तुम्ही. चक्कर आली म्हणजे?”

“उपाशीपोटीच उतरायचं असतं पाण्यात. चाळीस वर्षं हेच सांगतोय.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तू बस बघू एका जागी. सारखी वळवळतेयस. अगं, उडी म्हणजे काय असतं? पाय जोडायचे. हनुवटी छातीला. श्वास भरून घ्यायचा. वर आलं की हात असे, पाय असे. दीडशे जणांना सांगितलंय मी. एकाचं तरी चुकलं का?”

“नाही चुकलं.”

“मग?”

त्यांचा डावा गुडघा थडथड उडत होता. त्यांनी त्यावर हात ठेवला तर हातही उडायला लागला. तिने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे त्यांनी पाहिलं. आत्ताच, ह्या ‘मग’ला धरून, बोलायचं होतं. आजूबाजूला क्षणभर कुणी नव्हतं.

“ऊन लागेल तुम्हाला,” ती म्हणाली.

“लागू दे,” ते म्हणाले आणि गळ्याचा माइक उगाच सारखा करायला लागले. माणूस खरंच विश्वास ठेवून बसला होता की काय? चाळीस वर्षं काठावरून सांगता सांगता त्यांना वाटायला लागलं असेल, की जे इतकं पाठ आहे ते अंगातही असणारच. हा विचार तिला डोहातल्या बावीस फूट पाण्यापेक्षा जास्त घाबरवून गेला.

अकरा चाळीस. शिट्टी झाली, पिवळी पट्टी बाहेर आली. आज उडीसाठी पुढची खेप थांबवली होती, त्यामुळे सगळी गर्दी काठावर दाटली, मोबाइल वर करून. थोरलीने आपल्या भावाला शोधून काढलं. धाकटा चष्म्याच्या दुकानात होता आणि जेवणाच्या ताटाचासुद्धा व्हिडिओ काढल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही.

“तू बोल ना बाबांशी. तुझं ऐकतात.”

“माझं? ताई, मागच्या वेळी माझं त्यांनी ऐकलं तेव्हा आपल्याकडे रेडिओ होता.”

“थट्टा करू नकोस. काहीतरी कारण काढ.”

“तूच काढ. कारणं काढण्यात तुझा हात कोण धरणार! सर्दी, पाठ, गुडघा.” तो हसला, मग हसणं अर्धवट सोडलं. तिने वर पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता, मघाशी बेडूक बघत होता तसाच. “ते जाऊ दे. हे धर जरा.” त्याने तिच्या हातात मोबाइल दिला. मग पाकीट, किल्ल्या, घड्याळ. शेवटी चष्मा.

“हे सगळं मला कशाला?”

“व्हिडिओ तू काढ. माझा हात हलतो.”

“तुझा हात कधीपासून हलायला लागला?”

“अगं, धर म्हटलं ना!”

आणि तो पँट उतरवायला लागला. आत पोहायची चड्डी होती. थोरली दोन्ही हातांत त्याचा संसार धरून बघत राहिली. तो अनवाणी, डोळे बारीक करत पाण्याकडे गेला आणि अगदी काठावर, खडकाच्या डाव्या अंगाला उभा राहिला.

उजव्या अंगाला आई होती.

निळा ड्रेस, खांद्यावर टॉवेल, केसांचा घट्ट अंबाडा. सत्तर वर्षांची बाई, दंड सैल पडलेले, पोटऱ्यांवर निळ्या शिरा, पण पायाची बोटं दगडाच्या कडेवरून पुढे काढलेली, तशीच, जशी तरुणपणी डोहात बुडी मारायच्या आधी ती काढायची. ती गर्दीकडे बघत नव्हती. ती पाण्यावरचा एक ठिपका बघत होती, खडकाच्या बरोबर खालचा. थोडं पलीकडे बेडूक वाकून बुटांचे बंद सोडत होता. नावाची पट्टी त्याने आधीच कुणाला तरी देऊन टाकली होती. पाण्यात दोन जीवरक्षक गळ्यापर्यंत बुडून, डोकी वर करून थांबलेले.

थोरलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आणि पडला तसं तिला हसू आलं, रडू आलं, आणि दोन्हींच्या वर भयंकर राग आला. पाच माणसं मास्तरांना पाण्यातून बाहेर काढायला कंबर कसून तयार होती. आईने ड्रेस मिळवला होता, भावाने खिसे रिकामे केले होते, बेडकाने माणसं नेमली होती. प्रत्येकाने गुपचूप, दुसऱ्याला न सांगता, मास्तरांना वाचवायची तयारी केली होती. एक वाक्य बोलायची तयारी मात्र कुणाचीही नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या नाकातोंडात पाणी गेलं तरी चालेल, पण वाक्य तोंडातून जायला नको.

आणि ह्यात ती कुठे होती? ती सर्दी पुरवणारी.

लाउडस्पीकर कडाडला. टाळ्या पडल्या. मास्तर खडकाच्या पायऱ्या चढत होते, नव्या कठड्याला धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवत. वर पोचून त्यांनी हात हलवला. खालून पोरीबाळी ओरडल्या, “मास्तर! मास्तर!”

थोरलीने भावाचं पाकीट, किल्ल्या, चष्मा, मोबाइल सगळं शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर टाकलं. “जरा सांभाळा हं,” म्हणाली आणि गर्दीत घुसली. पायऱ्यांपाशी दोरी आडवी लावली होती. राखणीला उभ्या पोरीने तोंडातली शिट्टी फुंकली.

“मॅडम, वर जायला बंदी आहे! तुमची पट्टी कुठली?”

“त्यांची मुलगी आहे मी,” थोरली म्हणाली आणि दोरीखालून वाकून गेली. भाड्याची एक चप्पल पायऱ्यांवरच राहिली.

वर वारा होता. खालून वाटत नव्हता इतका खडक उंच होता, आणि पाणी खालून वाटत होतं त्याहून काळं. वडील टोकापासून चार पावलं मागे उभे होते. त्यांनी घसा खाकरला आणि तो खाकरा सगळ्या डोहावर घुमला. “मंडळी,” ते म्हणाले, “पोहणं म्हणजे...” आणि थांबले. लोकांना वाटलं गहिवरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

थोरलीने जवळ जाऊन त्यांच्या बनियनचा गळा धरला. माइक तिने मुठीत आवळला. लाउडस्पीकर एकदा करकरला आणि मुका झाला.

“हे काय करतेस?” वडील कुजबुजले. “सगळे बघताहेत.”

तिला बोलायचं होतं. वाक्य जिभेवर होतं, पाच शब्दांचं, चाळीस वर्षं जुनं. पण इतक्या जवळून, त्यांच्या गळ्याची शीर उडताना बघत, तिच्या तोंडून ते निघेना.

“खाली बघा ना, बाबा,” एवढंच ती म्हणाली.

ते टोकाकडे एक पाऊल सरकले, तिचा दंड धरून. बराच वेळ बघत राहिले.

“तुझ्या आईने काय घातलंय ते?”

“पोहायचा ड्रेस.”

“आणि ह्याची पँट कुठे गेली?”

“काढून ठेवलीय.”

“बेडक्या बूट का काढतोय?”

खाली गर्दीत चुळबुळ सुरू झाली होती. कुणीतरी आवाज येत नसल्याची तक्रार करत होतं. आईने टॉवेल खांद्यावरून खाली टाकला.

“हे सगळे...” वडील म्हणाले. “म्हणजे माझ्यासाठी?”

“हो.”

“सगळ्यांना...?”

“सगळ्यांना.”

“कधीपासून?”

“इतरांचं मला माहीत नाही, बाबा. मी नऊ वर्षांची होते.”

त्यांनी मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाने सायकलीचा जुना दोष सांगावा आणि तो आपल्याला आधीच माहीत असावा तशी. आता ते काय करतील हे तिला कळेना. पुढे तीन पावलं होती, मागे अठरा पायऱ्या. चिडलेला म्हातारा माणूस पुढेही जाऊ शकतो. तिने त्यांच्या बनियनवरची पकड आणखी घट्ट केली.

“तुझी आई,” ते म्हणाले, “अजून तशीच उभी राहते, नाही? बोटं पुढे काढून.”

“हो.”

“तिला मी नाही शिकवलं. ती आधीपासूनच पोहायची. लग्नाच्या आधीपासून.” ते थोडं हसले. “लोकांना मात्र सांगत आलो, मीच शिकवलं म्हणून. तिने एकदाही खोडून काढलं नाही.”

खालून बेडकाने विचारलं, “मास्तर, ठीक आहे ना?” त्याच्या एका पायात मोजा होता.

वडिलांनी तिच्या मुठीवर हात ठेवला. तिला वाटलं, धीर देताहेत. पण ते तिची बोटं सोडवत होते, आधी अंगठा, मग एकेक करून बाकीची. तिने सोडू दिली. लाउडस्पीकर पुन्हा करकरला. त्यांचा श्वास सगळ्या डोहावर ऐकू यायला लागला, मोठा, सावकाश, आणि गर्दी आपोआप शांत झाली.

त्यांनी कठड्याला धरलं. लोकांकडे नाही, उजव्या अंगाला उभ्या असलेल्या त्या निळ्या ड्रेसमधल्या बाईकडे पाहिलं.

“मंडळी,” मास्तर म्हणाले, “मला पोहता येत नाही.”